सुटलेल्या हाताची गिरकी

"तुका उबें रावंक येना."

पंधराव्या वर्षी मला हे ऐकवण्यात आलं. ऐकवणारी बाई म्हापशातल्या आपल्या घरात, बारीक फुलांचा फ्रॉक घालून, अनवाणी माझ्यासमोर उभी होती. तुला उभं राहता येत नाही. नाचता येत नाही म्हणाली असती तर मी गप्प बसले असते, तेवढी अक्कल मला होती. पण उभं राहणं? रोज सकाळी विहिरीपासून घरापर्यंतची चढण भरलेली कळशी कमरेवर घेऊन चढणारी मुलगी मी. माझ्या दोन पायांबद्दल तोवर कोणाची तक्रार आली नव्हती. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर तेव्हाही असायचा, आताही असतो. मी त्या बाईंकडे असं बघितलं की बाहेर पायरीवर बसलेल्या आईने खाकरून मला भानावर आणलं.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या डिचोलीच्या घरात तो आनंद जरा आंबटच होता. माझे वडील मराठी शाळेत मास्तर. भाषेचा जो कायदा झाला तो त्यांच्या मनासारखा झाला नव्हता आणि ते दुःख ते रोज संध्याकाळी पेपर वाचून ताजं करत. मराठीसाठी ते ओसरीवर तावातावाने भांडत, ते भांडण मात्र कोंकणीतून चाले. हे कोणी दाखवून दिलं की आणखी भडकत. दाखवून देणारी अर्थात मीच.

डिसेंबरात पणजीला मोठा कार्यक्रम व्हायचा होता. आमच्या शाळेतून बारा मुली फुगडीसाठी निवडल्या आणि नाच बसवायला म्हापशाहून या बाईंना बोलावलं. साठीच्या पुढच्या, तरुणपण सगळं आफ्रिकेत गेलेलं, नाच तिकडेच शिकलेल्या. आम्ही त्यांना टीचर म्हणायचो. शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी आमच्या सहा जोड्या फिरताना पाहिल्या, मग आपली कल्पना सांगितली. बारा जणींचं रिंगण फिरता फिरता उघडायचं. त्यातली एक सुटून मध्ये यायची. तिने एकटीने, एका पायावर, दोनदा गरगर फिरायचं आणि लोकांकडे तोंड करून थांबायचं. याला त्या पिरुएत म्हणाल्या.

आम्ही बाराही जणी हसलो. एका पायावर काय फिरणार? तेव्हा त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि करून दाखवलं. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना कठड्याला धरणारी ती बाई एका पायाच्या चवड्यावर उभी राहिली, दोनदा फिरली आणि थांबली. झोकांडी नाही, पाय आपटणं नाही. फिरणं संपलं आणि त्या नुसत्या उभ्या होत्या, बसची वाट बघत असल्यासारख्या. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. माणसाला असं थांबता येतं हे मला माहीतच नव्हतं.

सगळ्यांत वेगात फिरत होते म्हणून बोट माझ्याकडे आलं. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर म्हापशाला त्यांच्या घरी शिकायला जायचं ठरलं. वडिलांची परवानगी आईने काढली. तो संवाद मला अजून पाठ आहे.

"कोण शिकयता?"

"एक बायल."

"कसली बायल?"

"बरी."

झालं. बाई आहे आणि बरी आहे, एवढंच. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतोच, आणि आई बाजाराला जातेच, आणि मुलगी पिशव्या उचलायला लागतेच. आई घरात कमी बोलायची, पण जे बोलायची त्यात शिरायला फट नसायची.

टीचरच्या घरी आई आत येत नसे. टीचर खुर्ची पुढे करायच्या, आई पायरीवरच बसायची, मिरच्या, खारवलेलं सुंगट, म्हणजे कोळंबी, आणि केळी भरलेल्या पिशव्या दोन्ही बाजूंना घेऊन. पहिले तीन शुक्रवार तिने चहासुद्धा घेतला नाही. चौथ्या शुक्रवारी घेतला आणि कप स्वतः विसळून परत दिला. दोघींची कोंकणी इतकी वेगळी होती की एकमेकींना त्या प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायच्या. पण त्यांचं जमलं. आई बसल्या जागेवरून दारातून आत बघत राहायची आणि चेहऱ्यावर काही दाखवायची नाही.

आत माझे हाल चालले होते. एक पाय पुढे, एक मागे. दोन्ही गुडघे थोडे मोडायचे. मागच्या पायाने जमीन ढकलून तो पाय उचलायचा आणि त्याची बोटं दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला टेकवायची. त्याच क्षणी उभ्या पायाची टाच वर. दोन्ही हात छातीसमोर गोल, मोठी परात कवेत धरल्यासारखे. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे डोळे. समोरच्या जनेलावर, म्हणजे खिडकीवर, एक जागा ठरवायची आणि तिला सोडायचं नाही. अंग फिरतं, डोकं मागे राहतं, अगदी नाइलाज झाला की डोकं झटकन वळतं आणि अंगाच्या आधी परत त्या जनेलावर येतं. "पयलीं दोळे पावूंक जाय, मागीर तूं," टीचर म्हणायच्या. आधी डोळे पोचले पाहिजेत, मग तू.

मी कुठेच पोचत नव्हते. मी पडत होते, आणि दर वेळी मागे. पाठीवर, कोपरांवर, एकदा तर टीचरच्या पिआनोच्या स्टुलावर. पुढे कधी नाही, बाजूला कधी नाही. दोन शुक्रवार हे बघून टीचर माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही तळहात माझ्या पाठीला लावले आणि तेव्हा म्हणाल्या ते वाक्य. तुका उबें रावंक येना. मी डोळे वटारले, आई खाकरली, टीचर हसल्या.

"कोणाक धरून रावलां गो तूं?" त्यांनी विचारलं. "थंय कोण ना."

कोणाला धरून उभी आहे मी? मी समोर बघितलं. खरंच कोणी नव्हतं. तरी माझं अंग मागे रेललेलं होतं, समोरून कोणी तरी हात धरून ठेवणार आहे अशा भरवशाने. इतकी वर्षं मी उभी होते असं मला वाटत होतं, ती मी लटकत होते. हे कळलं तेव्हा मला आधी राग आला आणि मग घाबरल्यासारखं झालं.

यात माझा दोष नाही. दोष फुगडीचा. फुगडीत दोघींचे पाय जवळ, उजवा हात उजव्यात, डावा डाव्यात, आणि मग दोघींनी अंग मागे टाकायचं. जितकं मागे टाकाल तितका वेग. माझं वजन तुझ्या हातात, तुझं माझ्या हातात. भिऊन एखादी सरळ उभी राहिली की फुगडी मेली. आणि नजर समोरचीच्या तोंडावर. घर, खांब, बघणाऱ्या बायका सगळं पुसलं जातं, ते एक तोंड तेवढं जागेवर असतं. मला तरी हे सगळं आईने शिकवलं. मी पाच वर्षांची असल्यापासून माझी जोडीदार तीच.

आईबद्दल एक सांगायला हवं. वर्षाचे तीनशे साठ दिवस माझी आई म्हणजे पदर खोचून कामाला लागलेली एक गप्प बाई. पेडण्याच्या माहेराहून ती डिचोलीला आली तेव्हा बोलकी होती म्हणतात. मी तशी पाहिली नाही. पण चवथीचे पाच दिवस ती कोणी दुसरीच असायची. दुपारची जेवणं उरकली, पुरुष आडवे झाले, की वाड्यावरच्या बायका आमच्या घरी गणपतीसमोर जमायच्या, आणि आई केस घट्ट बांधून मध्ये उभी राहायची. ती फुगडी घालताना मोठ्याने हसायची. दात दिसेपर्यंत. तिचा तो चेहरा इतक्या जवळून बघायला मिळायचा तो फक्त मला, कारण समोर मी असायचे. मी वर्षभर त्या पाच दिवसांची वाट बघायचे.

त्या वर्षी चवथ आली तोवर माझे आठ शुक्रवार झाले होते. एक फेरी जमायला लागली होती. दुसरी निम्म्यावर मोडायची आणि थांबताना दुसरा पाय धप्पकन खाली यायचा. स्वच्छ थांबणं एकदाही साधलं नव्हतं. घरात मी चुलीपाशी, विहिरीपाशी, गोठ्यात, जिथे सपाट जागा दिसेल तिथे फिरत होते. वडील म्हणायचे, मुलीला वारं लागलं. आईने एकदाच विचारलं, "एका पायार कित्याक? देवान दोन दिल्यात मगो." टीचरचं म्हणणं होतं की आता फक्त एक अडचण उरली आहे. "तुजे हात आजून कोणाक तरी सोदतात." हात अजून कोणाला तरी शोधतात. शोधणं थांबलं की होईल.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा-वीस बायका जमल्या. गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगलेली, नारळ, तोरिंगां, सुपारीचे हिरवे घोस, रानातली नाना फळं, वर्षभर ज्यांचं कोणी नाव काढत नाही अशी. गणपतीच्या डाव्या हाताला आतल्या खोलीचं दार, जाड लाकडाची चौकट. शेजारची काकी गाणं धरून बसली होती. दोन जोड्या झाल्या. मग आईने केस बांधले, माझ्याकडे वळून हात पुढे केले आणि म्हणाली, "ये गो."

पहिल्या काही फेऱ्या नेहमीसारख्याच. आई मागे रेलली, मी रेलले, वेग वाढत गेला. बायका फू फू करू लागल्या. आई हसली. आणि मग मी जे केलं ते मी केलं असं म्हणायला माझी जीभ आजही अडखळते, कारण मी काही ठरवलं नव्हतं. माझे डोळे तिच्या तोंडावरून सुटले. आठ आठवड्यांच्या सवयीने ते एक स्थिर जागा शोधायला गेले आणि माटोळीतल्या सुपारीच्या घोसावर जाऊन बसले. फेरी झाली, घोस. फेरी झाली, घोस. डोळे तिथे बसले तशी मान सरळ झाली, मान सरळ झाली तशी पाठ, आणि माझं सगळं वजन आईच्या हातांतून निघून माझ्या एका पायावर आलं. मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, टीचरच्या अर्थाने, मी उभी राहिले, आणि आई पूर्ण मागे रेललेली होती.

मग हात सुटले.

पुढचं जेमतेम दोन क्षणांचं आहे. माझी टाच वर गेली. दुसरा पाय आपोआप उचलला आणि बोटं गुडघ्याला टेकली. हात छातीसमोर गोल झाले. ते कोणाला शोधत नव्हते. घोस, पुन्हा घोस. दोन पूर्ण फेऱ्या. आणि मी थांबले. झोकांडी नाही, पाय आपटणं नाही. मी नुसती उभी होते, गणपतीकडे तोंड करून. माझ्या पोटातून एक आनंद वर आला, इतका की मी हसले.

आधी हसले आणि मग आवाज ऐकला. खरं तर आवाज आधी झाला असणार. लाकडावर हाड आपटल्याचा तो आवाज माझ्या कानांपर्यंत पोचायला त्या दोन फेऱ्या लागल्या. आई दाराच्या चौकटीशी पडली होती, उजवा हात अंगाखाली, तोंड माझ्याकडे. काकीचं गाणं तोंडातच राहिलं. बायका धावल्या, मी धावले नाही. मी जिथे थांबले होते तिथेच उभी होते, कारण मला हलताच येईना. तोंडावरचं हसू कसं काढायचं हे माझ्या लक्षातच येत नव्हतं. आजवर मी खूप काही पाहिलं, पण माझ्या स्वतःच्या तोंडाने मला जेवढा धक्का दिला तेवढा कोणी दिला नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आईला म्हापशाला नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घालून ती घरी आली तेव्हा वाड्यावरच्या बायका परत जमल्या होत्या, आणि प्रत्येकीला आईने एकच सांगितलं, "घाम आयिल्लो. म्हजो हात निसरलो." घाम आला, माझाच हात निसटला. काकीने मान हलवली, म्हणाली, हो गो, काय उकडत होतं. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी सरळ झाले हे कोणाला दिसलंच नव्हतं. बघणाऱ्याला फुगडीत ते दिसत नाही, ते फक्त धरणाऱ्याला कळतं. म्हणजे आईला कळलं होतं. आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. माझी आई, जी देवाच्या प्रसादाचासुद्धा वाटणीपेक्षा कण जास्त घेत नसे, ती सणाच्या दिवशी गणपतीसमोर बसून खोटं बोलत होती.

त्यानंतरचे आठवडे आठवले की माझ्या हातांनाच आठवतात. मसाला मी वाटायचे आणि तो जाडाभरडा राहायचा. आईला साडी मी नेसवायचे, निऱ्या मला धड येत नव्हत्या. तिचे केस मी बांधायचे. मी घातलेला अंबाडा दुपारपर्यंत सुटायचा आणि ती तशीच सुटल्या केसांनी घरभर फिरायची, मला परत बांध म्हणायची नाही. वडील ओरडतील म्हणून मी जीव मुठीत धरून होते. ते ओरडले नाहीत. एका संध्याकाळी पेपर बाजूला ठेवून त्यांनी मलाच विचारलं, "तुका खंय मार लागूंक ना मगो?" मला कुठे लागलं नाही ना. मी ताडकन उठून विहिरीवर गेले आणि रिकाम्या कळशीवर डोकं टेकून रडले.

कोणी मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मी हात सोडले. आई पडत होती आणि मी फिरत होते, आणि मला मजा वाटली. हात सोडल्याचं एक वेळ सांगता आलं असतं. हसल्याचं कोणाला सांगणार? मी वडिलांना म्हटलं, मी नाचणार नाही, शाळेत सांगा. त्यांनी कारण विचारलं नाही. चार शुक्रवार आले आणि गेले. आईही काही म्हणाली नाही. मला वाटलं, तिलाही हेच हवं आहे.

पणजीला मी शेवटी नाचले, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे त्याची उत्सुकता नको. रिंगण उघडलं, मी मध्ये आले, दोन फेऱ्या झाल्या, थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टीचरनी माझ्या गालाला हात लावला. ठीक झालं. आईचं मनगट मात्र पुढे कधी नीट सरळ झालं नाही, आणि दोन्ही हातांची फुगडी ती त्यानंतर कधी खेळली नाही. चवथीला ती कडेला बसायची आणि काकीच्या बरोबरीने गायची. गाताना ती हसत नसे. यातलं काहीही मला विसरता आलेलं नाही. पण सगळ्यांत मोठा धक्का मला बसला तो पणजीच्या आधी, पाचव्या शुक्रवारी, म्हापशाच्या बाजारात.

त्या दिवशी शाळेतून आले तर आई दारात तयार उभी. प्लास्टरचा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीत गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात पिशवी. "चल," म्हणाली.

"खंय?"

"बाजाराक. हांव एका हातान कितें हाडटलीं?"

एका हाताने मी काय काय आणणार, हे बरोबरच होतं. गेले. बसमध्ये तिला जागा मिळाली, मी तिच्या प्लास्टरला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात आडवे धरून उभी राहिले. वाटेत खाणीवरचे ट्रक एकामागून एक, खिडक्या बंद, बसमध्ये तांबडी धूळ. म्हापशाला आम्ही मिरच्या घेतल्या, साबण घेतला. मग आई बसस्टँडकडे वळायच्या ऐवजी दुसऱ्या रस्त्याला लागली. तो रस्ता मला माहीत होता. टीचरच्या घराचा.

मी केळीवाल्यांच्या ओळीत थांबले. "हांव येना," म्हटलं.

आई थांबली. वळून माझ्याकडे बघत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत होत्या. मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, पाच आठवडे दातांखाली धरलेलं.

"आई, तुजो हात निसरूंक ना. हात हांवें सोडलो."

मला वाटलं, ती म्हणेल मला माहीत आहे. किंवा म्हणेल जाऊ दे. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी एखादा साधा हिशेब चुकवला आहे.

"तुवें? तुवें खंय सोडलो?" ती म्हणाली. "तूं निमाणेंमेरेन धरून आशिल्लें. हात हांवें सोडलो."

तू शेवटपर्यंत धरून होतीस. हात मी सोडला.

मला काही समजेना. तेव्हा तिने डावा हात पुढे केला, माझं मनगट धरलं आणि भर बाजारात समजावून सांगितलं, जसं लहानपणी फुगडी शिकवताना सांगायची. तू सरळ झालीस ते मला हातात कळलं. आता मी पडणार हेही कळलं. मागे चौकट होती ती मला ठाऊक होती, घर माझं आहे. धरून राहिले असते तर तूही माझ्याबरोबर त्या चौकटीवर गेली असतीस, आणि तुला तर पणजीला एका पायावर फिरायचं होतं. म्हणून सोडलं. घाम आला होता तेही खरं, ती म्हणाली. पण घामाने निसटण्यासारखे तिचे हात नव्हते.

म्हणजे फुगडी मोडल्याच्या त्या पापणी लवण्याइतक्या वेळात तिने हा सगळा विचार केला होता. एका गाड्याच्या कडेला धरून मी उभी राहिले. केळीवाली म्हणाली, पोरीला पाणी दे गो. आईने तिकडे लक्ष दिलं नाही. तिला अजून काही सांगायचं होतं, आणि मी तिला तोवर एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आनी मागीर हांवें पळयलें," ती म्हणाली. "सकयल पडून पळयलें. दोन फावटीं फिरलें तूं. पाय आपटूंक ना."

खाली पडून बघितलं मी, दोनदा फिरलीस तू. मी मान खाली घातली. आता पुढे ती काय म्हणणार ते मला कळलं, आणि ते तिने म्हणू नये म्हणून मी देवाचा धावा करत होते.

"तूं हांसतालें," आई म्हणाली.

तिने पाहिलं होतं. मोडलेल्या हातावर पडून, तोंड माझ्याकडे करून, तिने माझं ते हसू पाहिलं होतं, आणि पाच आठवडे मी ज्या तोंडाची लाज वाटून तिच्याकडे सरळ बघितलं नव्हतं ते ती मनात घेऊन बसली होती. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी मान वर केली ती तिची नजर झेलायलाच.

आई हसत होती. चवथीला हसायची तशी, दात दिसेपर्यंत. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती.

"आठ शुक्रार पायरेर बसून वाट पळयली हांवें," ती म्हणाली, "आनी तुवें केलें तें हांव पडिल्लीं तेन्ना." मग तिने पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि टीचरच्या रस्त्याकडे तोंड केलं. "पडून पळयलें तें पुरो. आतां म्हाका सारकें बसून पळोवंक जाय."